नाव कायम, पत्ता बदलता
पालघर-बोईसर-तारापूरच्या सॉफ्टवेअरकर्मींचा जाहीरनामा

आम्ही पालघर, बोईसर आणि तारापूर परिसरात सॉफ्टवेअर लिहिणारे, चालवणारे आणि शिकणारे लोक आहोत. आमच्यातले काही जण पहाटेची लोकल पकडून अंधेरी-गोरेगावची कार्यालये गाठतात. काही जण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात आणि कंट्रोल रूममधल्या पडद्यामागचा कोड सांभाळतात. काही जण अजून अभियांत्रिकीच्या वर्गात आहेत. आमचे मालक वेगळे, पगार वेगळे, घरात बोलायच्या भाषाही वेगळ्या. पण रोज आम्हा सगळ्यांना अडवणारी गोष्ट एकच आहे: एका प्रकल्पाच्या दस्तऐवजातून दुसऱ्या प्रकल्पाच्या दस्तऐवजाकडे जाणारा दुवा तुटलेला असतो.

आज कोणतेही सॉफ्टवेअर एकटे उभे नाही. प्रत्येक प्रोग्राम दहा लायब्रऱ्यांच्या खांद्यावर बसलेला असतो आणि त्या लायब्रऱ्या आणखी दहांच्या. कोड एकमेकांत इतका गुंतलेला असताना त्याचे दस्तऐवज मात्र एकमेकांना ओळखत नाहीत. ही स्थिती बदलण्यासाठी आम्ही एकत्र आलो आहोत. लागणारी साधने आहेत, ती फुकट आहेत आणि वर्षानुवर्षे वापरून तावूनसुलाखून निघालेली आहेत. उणीव होती ती साधने वापरण्याच्या निश्चयाची. तो निश्चय आम्ही इथे लिहून देत आहोत.

काय बिघडले आहे

कोडमधूनच दस्तऐवज तयार व्हावा, ही कल्पना आता सिद्ध झाली आहे. १९९० च्या दशकात जावाबरोबर जावाडॉक आले. १९९७ पासून डॉक्सिजनने सी आणि सी++ मध्ये लिहिणाऱ्यांची सोय केली. २००८ साली स्फिंक्स आले आणि पायथनच्या जगाने ते आपलेसे केले. प्रोग्रामर फंक्शनपाशी चार ओळी लिहितो, बिल्ड चालते आणि नीटनेटकी पाने तयार होतात. त्या पानांवरचे आपल्या प्रकल्पातले प्रत्येक नाव दाबता येते आणि दाबले की बरोबर जागी पोहोचवते. प्रकल्पाच्या आत हे काम चोख चालते.

गडबड कुंपणापाशी होते. साधनाला सांगितल्याशिवाय आपल्या प्रकल्पापलीकडचे काही दिसत नाही. शेजारच्या लायब्ररीतल्या फंक्शनचे नाव आले की ते साध्या अक्षरांत छापले जाते आणि वाचणारा तिथेच थांबतो. मग कोणी तरी ब्राउझरमधला पत्ता उचलून हाताने चिकटवतो. तो पत्ता आज चालतो, पुढच्या रिलीजला चालेलच असे नाही.

आमच्याच वसाहतीतले उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १७ अतिप्रदूषणकारी प्रवर्गांतले उद्योग आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांच्याकडे सतत चालणारी ऑनलाइन मोजमाप यंत्रणा बसवण्याचे निर्देश दिले. औषधे, रंग आणि कीटकनाशके हे उद्योग त्या प्रवर्गांत येतात, आणि तारापूरच्या वसाहतीत रसायनांचे व औषधांचे कारखाने दाटीने उभे आहेत. या यंत्रणेत सांडपाण्याचा पीएच, प्रवाह, सीओडी यांचे आकडे मापकातून निघतात आणि मंडळाच्या सर्व्हरकडे जातात. या वाटेवर सॉफ्टवेअरचे साधारण तीन थर असतात: मापकाशी बोलणारी लायब्ररी, आकडे साठवणारा डेटा लॉगर आणि ते पुढे पाठवणारा प्रोग्राम. तिन्हींचे लेखक वेगळे असू शकतात आणि तिन्हींचे दस्तऐवजही.

मापक पुष्कळदा मॉडबसवर बोलतो. हा प्रोटोकॉल १९७९ सालचा, मॉडिकॉन कंपनीचा. त्याच्या एका रजिस्टरमध्ये १६ बिट मावतात. दशांश संख्येला सहसा ३२ बिट लागतात, म्हणजे दोन रजिस्टर. त्यांतले कोणते आधी लावायचे हे मॉडबसच्या नियमांत ठरलेले नाही, ते मापक बनवणारा ठरवतो. क्रम बरोबर लागला तर पडद्यावर पीएच ७.२ दिसतो. क्रम उलटला तर तेच ३२ बिट २४ अंकी संख्या होऊन समोर येतात. रजिस्टरच्या क्रमांकाचाही असाच घोळ असतो: माहितीपुस्तिकेत ४०००१ छापलेले असते आणि तारेवरून जाणारा पत्ता शून्य असतो. २४ अंकी संख्या निदान आपली चूक ओरडून सांगते. एका घराने सरकलेले रजिस्टर मात्र शेजारचा एखादा पटण्याजोगा आकडा उचलते आणि तो बिनबोभाट पुढे जातो.

लायब्ररीच्या दस्तऐवजात हे सगळे लिहिलेले असते. डेटा लॉगरच्या दस्तऐवजात ‘रजिस्टरच्या क्रमासाठी मूळ फंक्शन पाहा’ एवढीच ओळ असते आणि तिच्यावरचा दुवा दाबला की ४०४ येते. रात्रपाळीचा तंत्रज्ञ मग कोणाला तरी फोन लावतो. ज्याने ते लिहिले तो नोकरी सोडून गेलेला असतो. शेवटी अंदाजपंचे दुरुस्ती होते आणि ती अंदाजाची होती हेही कुठे लिहिले जात नाही.

दुवे का तुटतात, हे आम्हाला पुरते ठाऊक आहे.

सर्व्हर बदलतात. २०१० साली ऑरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली, जावाचे दस्तऐवज सनच्या पत्त्यावरून ऑरॅकलच्या पत्त्यावर गेले आणि हाताने लिहिलेल्या जुन्या दुव्यांचा भरवसा संपला.

आवृत्त्या बदलतात. ‘लेटेस्ट’ या पत्त्याकडे नेणारा दुवा आज तिसऱ्या आवृत्तीचे पान उघडतो आणि उद्या चौथीचे. आपल्या यंत्रावर मात्र दुसरीच चालू असते. अशा वेळी दुवा तुटत नाही, फसवतो, आणि ते जास्त वाईट.

फाइलींची नावे बदलतात. एखादा हुशार नवा माणूस पानांची मांडणी सुधारतो आणि बाहेरून त्या पानांकडे बोट दाखवणारे सगळे उघडे पडतात. ते कोण आहेत हे त्याला माहीत नसते, कारण कुठेही तशी नोंद नसते.

मराठीत लिहिणाऱ्यांचा दुवा तर आणखी कच्चा. स्फिंक्सच्या पोटात डॉक्युटिल्स नावाचे साधन असते. ते मथळ्याच्या अक्षरांवरून त्या भागाचा पत्ता बनवते आणि बनवताना लॅटिन अक्षरे व अंकच ठेवते. मथळा लॅटिन लिपीत असता तर काही तरी उरले असते. ‘मापकाची जोडणी’ या मथळ्यातले एकही अक्षर उरत नाही. मग त्या भागाला ‘आयडी एक’, ‘आयडी दोन’ असे ओळीने क्रमांक मिळतात. वर एक नवा मथळा घातला की खालचे क्रमांक सरकतात. बाहेरचा दुवा उघडतो, पण भलत्याच परिच्छेदावर नेऊन सोडतो.

शेवटचे कारण सर्वांत मोठे: दुवा कोणाचाच नसतो. कोडला मालक असतो, सर्व्हरला मालक असतो. दोन प्रकल्पांच्या मधल्या दुव्याबद्दल दोन्हीकडचे म्हणतात, तो पलीकडचा.

आम्ही काय मानतो

आम्ही मानतो की नाव आणि पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुवा नावाशी बांधला पाहिजे. आमच्या जिल्ह्याने हे स्वतः अनुभवले आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा हे आठ तालुके एका दिवसात दुसऱ्या जिल्ह्याखाली आले. एकही गाव जागचे हलले नाही, पण २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत ही गावे शोधायची तर आजही ठाण्याखाली शोधावी लागतात. गावाची ओळख ‘जिल्हा, मग तालुका, मग गाव’ अशा उतरंडीत बसवलेली असेल, तर जिल्हा बदलला की प्रत्येक नोंद बदलावी लागते. गावाला स्वतःचा क्रमांक दिलेला असेल, तर तो कोणत्या जिल्ह्याखाली येतो एवढीच नोंद बदलते. सॉफ्टवेअरमधले फंक्शन हेही एक गावच समजा. त्याचे पूर्ण नाव टिकते, त्याचे पान हलते.

आम्ही मानतो की नावांची यादी हा दस्तऐवजाचाच भाग आहे. स्फिंक्स प्रत्येक बिल्डबरोबर ‘ऑब्जेक्ट्स डॉट आयएनव्ही’ नावाची छोटी फाइल तयार करते. तिच्या पहिल्या चार ओळी डोळ्यांनी वाचता येतात: यादीचा प्रकार, प्रकल्पाचे नाव, आवृत्ती आणि पुढचा मजकूर दाबून भरला आहे अशी सूचना. तो मजकूर उघडला की एकेका ओळीत एकेक नाव असते: ते फंक्शन आहे की क्लास, कोणत्या पानावर आहे आणि छापताना कसे दिसावे. पत्त्याचा शेवट नावासारखाच असेल तर तिथे डॉलरचे चिन्ह टाकून जागाही वाचवलेली असते. शेजारच्या प्रकल्पाने ही यादी वाचली की त्याला आपले प्रत्येक नाव आणि त्याचा आजचा पत्ता कळतो. डॉक्सिजनची टॅग फाइल हेच काम करते. जावाडॉकमध्ये हे काम पूर्वी ‘पॅकेज लिस्ट’ करीत असे, जावाच्या दहाव्या आवृत्तीपासून ‘एलिमेंट लिस्ट’ करते. तीन साधने तीन वेगळ्या ठिकाणी जन्मली आणि एकाच उत्तरावर आली. उत्तर बरोबर असल्याची यापेक्षा मोठी साक्ष कोणती?

आम्ही मानतो की आवृत्तीशिवाय दुवा अर्धवट असतो. २०१२ साली पायथनच्या लोकांपुढे हाच पेच होता. मुख्य दस्तऐवज दुसऱ्या पायथनकडून तिसऱ्याकडे न्यायचा होता आणि जगभरातून आतल्या पानांकडे येणारे असंख्य जुने दुवे मोडायचे नव्हते. पेप ४३० या प्रस्तावाने तोडगा सुचवला: दाराशी येणाऱ्याला नवी आवृत्ती दाखवा, आतल्या पानांकडे येणाऱ्या जुन्या दुव्यांचा अर्थ मोडू नका आणि यापुढे पत्त्यातच आवृत्ती लिहा. रस्ट या भाषेच्या लोकांनी प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक आवृत्तीचा दस्तऐवज वेगळ्या पत्त्यावर ठेवण्याची रीत पाडली. त्याच वाटेने आम्ही जाणार.

आम्ही मानतो की प्रसिद्ध केलेला पत्ता हे दिलेले वचन आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच बजावले होते की चांगले पत्ते बदलत नसतात आणि बदललेच तर ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात. म्हणजे जबाबदारीही माणसांचीच.

आम्ही मानतो की तुटलेला दुवा हा दोष आहे. कोड कंपाइल झाला नाही तर रिलीज थांबते. दुवा तुटला तर मात्र पिवळ्या अक्षरांत एक सूचना सरकून जाते आणि सगळे चहाला उठतात. हा भेदभाव आम्हाला मान्य नाही.

आणि आम्ही मानतो की ही शिस्त तारापूरला नवी नाही. इथल्या औषध कारखान्यात पाय ठेवलेल्या कोणालाही विचारा. प्रत्येक एसओपीला क्रमांक असतो, आवृत्ती असते, लागू होण्याची तारीख असते. एका एसओपीत दुसरीचा उल्लेख तिच्या क्रमांकाने येतो. ‘क्यूएच्या कपाटात, वरून दुसरा कप्पा’ असे कोणी लिहीत नाही. नवी आवृत्ती लागू झाली की जुनी प्रत शिक्का मारून मागे घेतली जाते, मास्टर लिस्टमध्ये नोंद होते आणि ऑडिटर आला की ती लिस्ट मागतो. जो माणूस दिवसभर ही शिस्त पाळतो, तोच संध्याकाळी सॉफ्टवेअरच्या दस्तऐवजात पत्ता हाताने चिकटवतो. हा विरोधाभास आता पुरे.

यंत्रांचे आयुष्य हेही एक कारण आहे. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. २००५ आणि २००६ साली तिथे प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्यांची भर पडली. जिथे यंत्राचे आयुष्य दशकांत मोजले जाते, तिथे आज लिहिलेले पान लेखक निवृत्त झाल्यावरही वाचले जाणार. त्या वाचकाला ज्या दुव्याने पुढे जायचे आहे, तो राखणे हे आजचे काम आहे.

आम्ही काय करू

एक. आमच्या प्रत्येक प्रकल्पाचा दस्तऐवज नावांच्या यादीसह प्रसिद्ध होईल. यादी नसेल तर दस्तऐवज अपुरा धरला जाईल. कंपनीच्या आतल्या प्रकल्पाची यादी कंपनीच्या आतच राहील, कारण फंक्शनची नावेही कधी कधी धंद्याची गुपिते सांगून जातात. पण आतल्या आत ती सगळ्यांना मिळेल. आणि बाहेर जाणाऱ्या दस्तऐवजात घरगुती नेटवर्कचा एकही पत्ता राहणार नाही.

दोन. दुसऱ्या प्रकल्पातल्या फंक्शनकडे, क्लासकडे किंवा प्रकरणाकडे जाताना आम्ही पत्ता लिहिणार नाही, नाव लिहू. कोणत्या प्रकल्पाची यादी कुठे मिळते हे कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एकाच जागी लिहिलेले असेल. उद्या पलीकडचा सर्व्हर बदलला तर एक ओळ बदलेल आणि शेकडो पाने आपोआप सुधारतील.

तीन. नाव लिहिताना आम्ही प्रकल्पाचेही नाव लिहू. ‘कॉन्फिगरेशन’ आणि ‘इन्स्टॉलेशन’ नावाची पाने प्रत्येक प्रकल्पात असतात. नुसते नाव दिले तर साधन आधी आपल्याच घरात शोधते आणि पहिले सापडलेले पान जोडून मोकळे होते. प्रकल्पाचे नाव पुढे लावले की ही गल्लत टळते.

चार. आमचा दुवा आमच्या यंत्रावर चालणाऱ्या आवृत्तीकडे जाईल. रिलीज करताना कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती वापरली हे आम्ही कोडसाठी लिहितोच. तीच आवृत्ती दस्तऐवजाच्या कॉन्फिगरेशनमध्येही येईल. ‘लेटेस्ट’ हा पत्ता फक्त चालू विकासाच्या शाखेत चालेल.

पाच. बाहेरचे इंटरनेट पोहोचत नाही अशा जागांचा आम्ही आधी विचार करू. प्लांटचे कंट्रोल नेटवर्क बाहेरच्या जगापासून तोडलेले असते आणि ते तसेच असले पाहिजे. स्फिंक्सला यादीची जवळची प्रत दाखवता येते. जावाडॉकमध्ये ‘लिंक ऑफलाइन’ हा पर्याय त्याचसाठी आहे. पण यादी जवळ असली तरी दाबल्यावर उघडणारे पान बाहेरच असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणून ज्या लायब्रऱ्यांवर प्लांट चालतो, त्यांच्या दस्तऐवजाची पूर्ण प्रत आम्ही आतल्या सर्व्हरवर ठेवू आणि दुवे त्या प्रतीकडे वळवू.

सहा. नाव सापडले नाही तर बिल्ड थांबेल. स्फिंक्सला तसे सांगायला दोन छोटे पर्याय पुरतात: एक प्रत्येक न सापडलेले नाव दाखवतो, दुसरा सूचनेला चूक मानतो. डॉक्सिजनमध्येही सूचनेला चूक मानण्याची सोय आहे. काही नावे खरोखरच कुठे सापडणार नाहीत. ती सवलतीच्या यादीत जातील, पण प्रत्येकीपुढे कारण आणि तारीख लिहूनच.

सात. नावांची तपासणी आणि पत्त्यांची तपासणी आम्ही वेगळी ठेवू. नावे प्रत्येक बिल्डला तपासली जातील. बाहेरचे पत्ते जिवंत आहेत का हे ठरावीक दिवशी वेगळ्या फेरीत पाहिले जाईल. पलीकडचा सर्व्हर दहा मिनिटे झोपला म्हणून आमचे रिलीज अडणार नाही आणि तो कायमचा मेला तर आम्हाला महिनोन्‌महिने पत्ता लागणार नाही असेही होणार नाही.

आठ. दोन प्रकल्प एकमेकांकडे दुवे देत असतील तर बिल्ड दोन फेऱ्यांत होईल. पहिल्या फेरीत दोघांच्या याद्या तयार होतील आणि कडक तपासणी बंद असेल. दुसऱ्या फेरीत दोघे एकमेकांच्या ताज्या याद्या वाचतील आणि तपासणी चालू असेल. आधी कोणाचे, या वादात आतापर्यंत पुष्कळ संध्याकाळी वाया गेल्या आहेत.

नऊ. मराठी मथळ्याच्या वर आम्ही स्वतःची खूण लिहू. मथळा मराठीत राहील, सुधारला जाईल, हवा तेव्हा हलवला जाईल. खूण ठरलेली राहील आणि बाहेरचे दुवे तिच्याशी बांधले जातील. मराठीत तांत्रिक लेखन करायचे तर हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा लागेल. प्लांटवरचा हेल्पर, वर्गातला विद्यार्थी आणि कंट्रोल रूममधला इंजिनिअर यांना एकाच पानावर आणायचे असेल, तर ते पान मराठीत हवे आणि त्याकडे जाणारा दुवा पक्का हवा.

दहा. नाव बदलावेच लागले तर जुने नाव लगेच पुसणार नाही. जुन्या पानावर नव्याचा दुवा राहील, पत्ता आपोआप पुढे नेईल आणि कोणत्या आवृत्तीपासून बदल झाला ते तिथे लिहिलेले असेल.

अकरा. प्रत्येक प्रकल्पात दुव्यांचा एक जबाबदार माणूस असेल. त्याचे काम सगळे दुवे स्वतः दुरुस्त करण्याचे नाही. तुटलेला दुवा कोणाचा हे ठरवणे, पलीकडच्या प्रकल्पाला कळवणे आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करणे हे त्याचे काम. माणूस बदलला की जबाबदारी हातोहात दिली जाईल, जशी पाळी बदलताना लॉगबुक दिले जाते.

आक्षेप आणि उत्तर

वेळ कुठे आहे, असे विचारले जाईल. पहिल्या दोन कलमांना कॉन्फिगरेशनमधल्या मोजक्या ओळी लागतात. सहावे कलम पहिल्यांदा लावले की शेकडो चुका पडद्यावर येतील आणि छातीत धडकी भरेल, हे खरे. त्या चुका आज जन्मलेल्या नाहीत, आज दिसू लागल्या आहेत. त्या सगळ्या सवलतीच्या यादीत टाका, नवी चूक येऊ देऊ नका आणि जुन्या दर आठवड्याला थोड्या थोड्या काढत जा. थोड्याच दिवसांत यादी आटते.

आमचा प्रकल्प लहान आहे, असेही म्हटले जाईल. लहान प्रकल्पच दुसऱ्यांवर सर्वाधिक अवलंबून असतो. दोनशे ओळींचा डेटा लॉगर स्वतःबद्दल फारसे सांगत नाही. त्याचा निम्मा अर्थ शेजारच्या लायब्ररीत असतो. तिथे जाणारा दुवा तुटला की त्या दोनशे ओळींचे कोडे होते.

मोठ्या कंपन्यांनी आधी करावे, असेही कोणी म्हणेल. नावांच्या याद्या पायथन, नमपाय, सायपाय यांचे प्रकल्प कधीपासून मोकळ्या मनाने देत आहेत. त्यांनी त्यांचे टोक बांधून ठेवले आहे. आपले टोक आपण बांधायचे आहे.

तुम्हाला आवाहन

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सादर कराल तेव्हा दस्तऐवज कोडमधून तयार करा आणि वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीशी नावाने जोडा. मुंबईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प खुली साधने शिकवतो आणि स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही मिळतात. शिकायची सोय आपल्या दाराशी आहे.

वसाहतीतल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या दादांनो आणि ताईंनो, मास्टर लिस्ट कशी राखायची हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळते. ती समज आमच्या प्रकल्पांत घेऊन या. कोणता दुवा रात्री दोन वाजता लागतो हे तुम्हीच सांगू शकता, आणि आमची पहिली दुरुस्ती तिथून सुरू होईल.

कारखानदारांनो, मापक आणि लॉगर विकत घेताना खरेदीच्या अटींत एक ओळ घाला: सॉफ्टवेअरचा दस्तऐवज नावांच्या यादीसह आणि इंटरनेटशिवाय वाचता येईल अशा प्रतीसह मिळाला पाहिजे. ही ओळ लिहायला खर्च नाही. तिच्यावाचून होणारा खर्च तुम्ही आधीच सोसत आहात.

मुंबईला जाणाऱ्या-येणाऱ्या सोबत्यांनो, २०१३ साली उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि हा पट्टा महानगराशी बांधला गेला. तुमच्या कार्यालयांत शिकलेली चांगली रीत परतीच्या गाडीने इकडे आणा. इथे घडलेली तिकडे न्या.

या चळवळीला वर्गणी नाही, अर्ज नाही, पदाधिकारी नाहीत. तुमच्या एका प्रकल्पाला ही अकरा कलमे लागू झाली की तुम्ही आमच्यात आलात. आज घरी गेल्यावर तुमच्या प्रकल्पाच्या दस्तऐवजाचे बिल्ड कडक तपासणी लावून चालवा, पडद्यावर आलेली पहिली चूक दुरुस्त करा आणि ज्या शेजारच्या प्रकल्पाकडे तो दुवा जातो, त्याच्या लोकांना कळवा की त्यांची यादी आम्हाला हवी आहे.